तीन रकान्यांची वही आणि समुद्राखालचे गूढ

मुलगा कॉम्प्युटरवर खेळायला बसला की त्याला विचारायचा आमचा प्रश्न ठरलेला होता. मगरिबची नमाज आटोपली, चहाच्या कपबशा विसळून झाल्या, की दारात उभे राहून विचारायचे, "किती वेळ झाला रे?" कोणता खेळ खेळतोस, त्यात काय चालले आहे, हे आम्ही कधी विचारलेच नाही. दिवसभर शाळेत दुसऱ्यांच्या मुलांना मराठी आणि उर्दू शिकवायचे, त्यांच्या वह्यांवर शेरे लिहायचे, आणि आपल्याच घरात टेबलावर पडलेली एक शंभर पानी वही चार महिने उघडून पाहायची नाही, असा आमचा कारभार.

शेवटी ती वही उघडली तीही रागाच्या भरात. नववीच्या सहामाहीत गणिताचे गुण घसरले होते. "हाच तुझा अभ्यास का?" म्हणत वही ओढून घेतली. वाटले होते, चित्रे असतील, खेळातल्या गुणांचे हिशेब असतील. पाहतो तर पानोपानी पट्टीने आखलेले तीन रकाने. पहिल्यावर लिहिले होते 'पाहिलं', दुसऱ्यावर 'वाचलं', तिसऱ्यावर 'अंदाज'. निबंधाच्या दहा ओळींसाठी ज्याच्या मागे लागावे लागते, त्याने इथे साठ पाने भरली होती.

"हे काय आहे?"

"अम्मी, त्या ग्रहावर आधी काय घडलं होतं ते शोधतोय. खेळ सरळ सांगत नाही. आपणच जुळवायचं."

त्या रात्री वही परत दिली नाही. वाचत बसलो. आणि दुसऱ्या दिवशी त्याच्या शेजारी खुर्ची ओढून म्हणालो, "दाखव बघू."

पंचेचाळीस सेकंदांचा श्वास

खेळाचे नाव 'सबनॉटिका'. अमेरिकेतल्या 'अननोन वर्ल्ड्स' या कंपनीने तो तयार केला. डिसेंबर 2014 मध्ये तो अपुऱ्या अवस्थेतच लोकांच्या हाती दिला गेला, खेळणाऱ्यांच्या सूचना ऐकत ऐकत घडत गेला आणि जानेवारी 2018 मध्ये पूर्ण झाला.

कथा अशी. 'अरोरा' नावाचे अवाढव्य अंतराळयान एका अनोळखी ग्रहाजवळून जाताना कोसळते. ग्रहाला नाव नाही, नुसता क्रमांक: 4546बी. जिकडे पाहावे तिकडे पाणी. यानावरचा रायली रॉबिन्सन नावाचा एक साधा कर्मचारी जीव वाचवणाऱ्या लहानशा कुपीतून पाण्यावर उतरतो. तो रायली म्हणजेच खेळणारा. सुरुवातीला त्याचा श्वास पाण्याखाली पंचेचाळीस सेकंद पुरतो. तेवढ्यात बुडी मारायची, मासा पकडायचा, धातूचे तुकडे गोळा करायचे आणि वर यायचे. भूक लागते, तहान लागते, रात्री खालून कसलेसे आवाज येतात. रीपर नावाचा पंचावन्न मीटर लांबीचा जलचर दिसण्याआधी त्याची आरोळी ऐकू येते. पहिल्यांदा ती ऐकली तेव्हा आम्ही खुर्चीतच दचकलो, आणि धाकटा पोट धरून हसला. किती महिन्यांनी आम्ही दोघे असे हसलो असू, कोण जाणे.

एक गोष्ट आम्हाला विशेष वाटली. या खेळात जीव घेणारी बंदूक नाही. 14 डिसेंबर 2012 रोजी अमेरिकेतल्या सँडी हूक या प्राथमिक शाळेत एका तरुणाने गोळीबार केला. वीस लहान मुले आणि शाळेतली सहा मोठी माणसे मारली गेली. त्याच सुमारास या खेळाची आखणी चालू होती. दिग्दर्शक चार्ली क्लीव्हलँड यांनी पुढे जाहीरपणे सांगितले की त्या घटनेमुळेच त्यांनी खेळात बंदुका ठेवायच्या नाहीत असे ठरवले. जगात एवढ्या बंदुका असताना आपण आणखी भर कशाला घालायची, असा त्यांचा विचार. वर्गात रोज मुलांसमोर उभे राहणाऱ्या माणसाला ही गोष्ट वाचून काय वाटते, ते वेगळे सांगायला नको.

कथा सांडलेली आहे, वेचायची आपण

आता मुख्य मुद्दा. या खेळात कोणी समोर येऊन कथा सांगत नाही. बुडालेल्या खोल्यांत पडलेले ध्वनिमुद्रण, भिंतीवरची अनोळखी लिपी, तळाशी पडलेला सांगाडा, हातातल्या यंत्राने एखाद्या वनस्पतीची केलेली तपासणी, अशा तुकड्यांतून ती मिळते. कोणी ते तुकडे वेचतो, कोणी न वेचताच पुढे जातो.

तुकडे जोडले तर एवढे हाती लागते. अरोराच्या दहा वर्षे आधी 'देगासी' नावाचे यान इथेच पडले होते. त्यातले तिघे वाचले: पॉल टोरगल, त्याचा मुलगा बार्ट आणि मार्गरिट मैदा नावाची कणखर लढवय्यी बाई. त्यांनी आधी एका बेटावर घर केले, मग पाण्याखाली, मग आणखी खोल. बाप हट्टी, मुलगा अभ्यासू, बाई कोणाला न जुमानणारी. त्यांची भांडणे ऐकताना आपल्याच एखाद्या घरातले बोलणे कानावर येते आहे असे वाटते.

त्याहून जुनी गोष्ट सुमारे हजार वर्षांपूर्वीची. फार प्रगत अशी एक परग्रहवासी जमात इथे आली होती. खेळात त्यांना 'पूर्वसूरी' अशा अर्थाचे नाव आहे. त्यांच्या जगात 'खारा' नावाचा जीवाणू पसरला होता आणि त्यावर औषध शोधत ते इथवर पोहोचले. औषध होते समुद्रसम्राट म्हटल्या जाणाऱ्या एका प्रचंड जलचर मादीच्या पिल्लांपाशी. त्यांनी त्या मादीला खोल तळघरात कोंडले आणि तिची अंडी जबरदस्तीने उबवण्याचा प्रयत्न केला. अंडी फुटली नाहीत. दुसऱ्या एका जलचराचे अंडे पळवले, तेव्हा त्याच्या आईने त्यांची प्रयोगशाळाच फोडली आणि जीवाणू समुद्रात सुटला. मग त्यांनी ग्रहाला टाळे ठोकले. किनाऱ्यावर एक प्रचंड तोफ उभारली, जी येणारे-जाणारे प्रत्येक यान पाडते. देगासीही तिनेच पाडले, अरोराही.

इथे एक प्रसंग आहे. 'सनबीम' नावाचे यान अरोराचा संदेश ऐकून त्याला न्यायला येते. कप्तानाचा आवाज ऐकू येतो, उतरायची वेळ ठरते. खेळणारा बेटावर जाऊन आकाशाकडे पाहत उभा राहतो. यान दिसते आणि त्याच क्षणी मागची तोफ वळते. सुटका करायला आलेले यान डोळ्यांदेखत नष्ट होते. धाकट्याच्या वहीत त्या पानावर 'पाहिलं' या रकान्यात एवढेच लिहिले होते: "तोफ. मला आधी कळायला हवं होतं."

चार अंदाज

खेळ जिथे गप्प बसतो तिथून चाहत्यांचे अंदाज सुरू होतात. जगभरच्या मुलांनी आणि मोठ्यांनी त्यावर तासन्‌तास वाद घातले आहेत. धाकट्याच्या वहीतले चार आम्ही इथे मांडतो.

पहिला अंदाज मार्गरिटचा. देगासीच्या शेवटच्या तळावर रीपरने हल्ला केला. बार्टच्या नोंदीनुसार ती त्या जनावरावर तुटून पडलेली दिसली आणि मग दिसेनाशी झाली. चाहते म्हणत, प्रेत कुठेच सापडत नाही, म्हणजे ती जिवंत असली पाहिजे. पुष्कळांनी या तर्काची टर उडवली. मे 2021 मध्ये याच ग्रहाच्या बर्फाळ भागावरचा 'बिलो झीरो' हा पुढचा खेळ आला. त्यात मार्गरिट भेटते, वयाने थोराड, तशीच फटकळ. अंदाज खरा ठरला.

दुसरा अंदाज सांगाड्याचा. 'हरवलेली नदी' नावाच्या खोल गुहेत एका महाकाय प्राण्याची कवटी आणि बरगड्या आहेत. अख्खा प्राणी एक किलोमीटरहूनही लांब असावा, असे खेळातले यंत्र सांगते. चाहत्यांचे म्हणणे, नकाशाच्या कडेला जी अथांग काळी पोकळी आहे तिथे तो अजून जिवंत आहे. काहींनी स्वतः प्रोग्राम लिहून तो प्राणी खेळात घातलासुद्धा. मुलाने मात्र पुढे लिहिले होते: "हाडं लाखो वर्षांची. जिवंत असल्याची एकही खूण नाही. फक्त असावा असं वाटतं म्हणून." आम्ही त्याला मेगालोडॉनबद्दल सांगितले. तो शार्क लाखो वर्षांपूर्वी नामशेष झाला. शार्कचा सांगाडा कूर्चेचा, तो टिकत नाही, म्हणून शास्त्रज्ञांना मुख्यतः दात आणि काही मणके यांवरूनच त्याच्या लांबीचा हिशेब मांडावा लागतो. तरीही तो कुठेतरी खोल पाण्यात असेल असे मानणारे लोक आजही भेटतात. म्हणजे खेळातले आणि खेळाबाहेरचे मन एकच.

तिसरा अंदाज कंपनीचा. अरोरा ज्या 'आल्टेरा' कंपनीचे यान, तिला या ग्रहावरच्या गोष्टींची आधीच कुणकुण होती का? अरोराचे काम अंतराळप्रवासाचे एक प्रवेशद्वार बांधायचे होते, पण वाटेत देगासीचा शोध घ्यायचाही आदेश होता. एवढे खेळात आहे. माहीत असून माणसे मरायला पाठवली, हे मात्र कुठेच नाही. पुढच्या खेळात हीच कंपनी गोठलेल्या एका जलचरातला खारा जीवाणू अभ्यासताना दिसते, आणि त्याला विरोध करणारी सॅम नावाची संशोधक जिवाला मुकते. संशय बळावतो, पण सिद्ध होत नाही. पहिल्या खेळाचा शेवट या संशयाला खतपाणी घालणाराच आहे. एवढे भोगून रायली रॉकेट बांधून परत निघतो, तर कंपनी त्याला कळवते की तुझ्याकडे एक ट्रिलियन, म्हणजे आपल्या हिशेबाने एक लाख कोटी क्रेडिट येणे आहेत. ती फेडल्याशिवाय उतरायची परवानगी नाही! हप्त्यावर फ्रिज घेतलेल्या आमच्या घरात यावर बराच वेळ चर्चा झाली.

चौथा अंदाज पूर्वसूरींचा. ते सगळे मेले का? पुढच्या खेळात त्यांच्यापैकी एक, अल-ॲन, सापडतो. शरीर नाही, साठवून ठेवलेले नुसते मन. तो कबूल करतो की आपल्या लोकांचा निर्णय डावलून केलेल्या प्रयोगांमुळे जीवाणू सुटला, आणि त्यात त्याचाच हात होता. शेवटी तो आपल्या मूळ ग्रहाकडे जातो. तिथे काय उरले आहे, हे अजून उलगडलेले नाही.

आणखी एक गोष्ट मुलानेच दाखवली. खेळ तीन वर्षे लोकांसमोर घडत होता, कथा बदलत गेली. त्यामुळे काही विसंगती म्हणजे गूढ खूण नसतेच, ती नुसती राहून गेलेली चूक असते. त्याने वहीत लाल शाईने लिहिले होते: "प्रत्येक गोष्टीत अर्थ शोधू नये." हे वाक्य आम्ही त्याला शिकवलेले नव्हते.

आमची पाळी

आता जे सांगायचे आहे ते सांगताना थोडी लाज वाटते.

त्यानंतर महिनाभराने शाळेत लसीकरण ठरले. पाचवी आणि दहावीच्या मुलांना धनुर्वात आणि घटसर्पाची लस द्यायची होती. आदल्या संध्याकाळी खानदानाच्या ग्रुपवर आवाजाचा एक संदेश आला. एक बाई रडत रडत सांगत होती की शेजारच्या तालुक्यात लस दिल्यावर मुली बेशुद्ध पडल्या, दोघी अत्यवस्थ आहेत, आपल्या मुलांना वाचवा. रडण्याचा आवाज खरा वाटला. आम्ही तो संदेश जसाच्या तसा वर्गातल्या आयांच्या ग्रुपवर टाकला आणि खाली लिहिले, "खबरदारी घ्या."

धाकटा जेवत होता. संदेश त्यानेही ऐकला. मान वर न करता म्हणाला, "अम्मी, हे कोणत्या रकान्यात?"

आम्ही चिडलो. "प्रत्येक गोष्टीत तुझा खेळ आणू नकोस," म्हणालो. पण प्रश्न घास अडकावा तसा अडकला. संदेश पुन्हा ऐकला. बाईचे नाव नाही, गावाचे नाव नाही, शाळेचे नाव नाही, तारीख नाही. पाहिले कोणी? माहीत नाही. लिहून कोणी दिले? कोणीच नाही. उरला तिसरा रकाना, आणि तो अंदाजसुद्धा आमचा नव्हता, कोणाचा तरी उसना.

रात्री नऊ वाजता त्या तालुक्यातल्या शाळेत शिकवणाऱ्या ओळखीच्या बाईंना फोन लावला. त्या म्हणाल्या, "हो, दोघींना चक्कर आली होती. सकाळपासून उपाशी होत्या, सुई बघून घाबरल्या. बिस्किटं खाल्ली, पाणी प्यायल्या, तासाला जाऊन बसल्या. आज दोघीही शाळेत आहेत."

आम्ही ग्रुपवर लगेच लिहिले की मघाचा संदेश चुकीचा होता, तहकीक न करता पाठवला, ही आमची चूक आहे. पण पाठवलेली गोष्ट आणि सोडलेला बाण सारखेच. दुसऱ्या दिवशी दहावीच्या सहा मुली आल्याच नाहीत. रविवारी त्यांच्या घरी गेलो. पाच घरांनी चहा पाजला, ऐकून घेतले, आणि पुढच्या फेरीला मुलींना पाठवले. सहाव्या घरच्या नानी म्हणाल्या, "बाई, तुम्ही शिकलेल्या. तुम्हीच आधी पाठवलंत ना? मग आता कोणतं खरं मानू?" त्यांना आमच्याकडे उत्तर नव्हते. ती मुलगी अजून लस घेतल्याशिवाय राहिली आहे. आम्ही आजही त्या गल्लीतून जाताना थांबतो.

उर्दूच्या तासाला आम्ही किती वर्षे 'गुमान' आणि 'यकीन' यांतला फरक शिकवतो. फळ्यावर दोन्ही शब्द लिहितो, वाक्यात उपयोग करून घेतो. तो फरक जगायची वेळ आली तेव्हा आठवण करून दिली ती एका खेळाच्या वहीने.

घरातल्या मोठ्यांसाठी दोन शब्द

मुलांना तासन्‌तास खेळू द्या, असे आम्ही म्हणत नाही. गणिताचे गुण घसरले होते ते खरेच होते. आता शाळेच्या दिवसांत एक तास आणि सुट्टीच्या दिवशी दोन, असे ठरले आहे, आणि त्यावरून अधूनमधून कुरबुरही होते. या खेळात काळोख आहे, अचानक अंगावर येणारी जनावरे आहेत. लहान, भित्र्या मुलाला तो एकट्याने खेळू देऊ नये.

पण "किती वेळ झाला" याच्या जोडीला आणखी तीन प्रश्न विचारून पाहावेत. काय पाहिलंस? कुठे वाचलंस? आणि यातलं तुझं स्वतःचं अनुमान कोणतं? पहिले दोन-तीन दिवस मूल संशयाने बघेल. मग बोलू लागेल. एकदा बोलू लागले की थांबवणे कठीण, एवढी तयारी ठेवावी.

आणि अंदाज बांधण्याला बंदी नको. मार्गरिट जिवंत असेल असे म्हणणारे लोक खुळे नव्हते, त्यांनी अंदाजाला अंदाज म्हटले आणि वाट पाहिली. खोट तिथे येते, जिथे तिसऱ्या रकान्यातली गोष्ट आपण गुपचूप पहिल्या रकान्यात नेऊन लिहितो. मुले हे खेळात करतात, फार तर एखादा वाद हरतात. आपण मोठी माणसे हे शेजाऱ्याबद्दल करतो, औषधाबद्दल करतो, एखाद्याच्या मुलीच्या चारित्र्याबद्दल करतो, आणि किंमत दुसराच कोणी मोजतो.

त्या खेळाचा शेवट मुलाने आम्हाला शेजारी बसवून दाखवला. हजार वर्षे कोंडलेली ती प्रचंड मादी खेळणाऱ्याच्या मनाशी बोलते. पूर्वसूरींनी एवढे ज्ञान, एवढी यंत्रे लावली, अंडी फुटली नाहीत. रायली समुद्राच्या वेगवेगळ्या भागांतून वनस्पतींचे नमुने आणतो, त्यांतून अंडी उबवणारे द्रव्य बनवतो, आणि पिल्ले बाहेर येतात. त्यांच्यामुळेच पाणी शुद्ध होते, रोग बरा होतो. आई तिथेच प्राण सोडते.

आम्ही विचारले, "त्या हुशार लोकांना जमलं नाही, ते याला कसं जमलं?"

तो थोडा वेळ पडद्याकडे पाहत राहिला. "त्यांनी तिला कोंडलं, अम्मी. तिचं ऐकलंच नाही बहुतेक." मग वही पुढे ओढली आणि ते वाक्य लिहिले. कोणत्या रकान्यात लिहितो, ते आम्ही वाकून पाहिले.

तिसऱ्या.